संशोधनलेखनातील संदर्भनोंद आणि टेक्स्ट एडिटरमधील स्वयंपूर्ती : हिंगोली जिल्ह्यातील अभ्यासविषयांच्या अनुषंगाने

बीजशब्द : संदर्भनोंद, संदर्भखूण, स्वयंपूर्ती, झोटेरो, पॅन्डॉक, युनिकोड, नामदेव गाथा

प्रस्तावना :

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. साहजिकच या जिल्ह्याच्या इतिहासावर, शेतीवर किंवा समाजजीवनावर लिहू पाहणाऱ्या प्राध्यापकास १९९९ पूर्वीच्या माहितीसाठी परभणी जिल्ह्याचे साहित्य उघडावे लागते. १९६७ साली प्रसिद्ध झालेले परभणी जिल्ह्याचे गॅझेटियर हे त्यांपैकी एक होय. असे ग्रंथ बहुधा ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात असतात व ते घरी मिळत नाहीत. मग एखाद्या रजेच्या दिवशी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावयाचे, ग्रंथालयात बसून उतारा वहीत लिहून घ्यावयाचा आणि संध्याकाळच्या बसने परतावयाचे, हा क्रम अनेकांच्या अंगवळणी पडलेला आहे. सहा महिन्यांनी प्रत्यक्ष लेख लिहिताना तो उतारा वहीत सापडतो. पृष्ठक्रमांक मात्र सापडत नाही. अशा वेळी तीनच मार्ग उरतात. पुन्हा प्रवास करावा, अंदाजाने पृष्ठक्रमांक घालावा किंवा संदर्भच गाळावा. पहिला मार्ग खर्चिक आहे, दुसरा अप्रामाणिक आहे आणि तिसरा धोक्याचा आहे.

तिसऱ्या मार्गास धोक्याचा म्हणण्याचे कारण असे की, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटी व वाङ्मयचौर्य प्रतिबंध यांविषयीचे विनियम लागू केले. त्यांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. त्यापुढे दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठ टक्क्यांहून अधिक अशा तीन पातळ्या आहेत. श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे व संदर्भसूची साम्याच्या मोजणीतून वगळली जातात. म्हणजे एकच उतारा संदर्भासह आला तर अवतरण ठरतो आणि संदर्भाविना आला तर चौर्य ठरतो. मधला फरक पुष्कळदा हेतूचा नसून नोंदीच्या शिस्तीचा असतो.

ही शिस्त लावण्यास साहाय्यभूत होणारी एक छोटी सोय म्हणजे टेक्स्ट एडिटरमधील संदर्भांची ऑटोकम्प्लीट अर्थात स्वयंपूर्ती. ती कशी चालते, ती कशी उभारावी आणि मराठीतून लिहिणाऱ्यास तिच्यात कोणत्या अडचणी येतात याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. मराठीच्या अडचणींना अधिक जागा दिली आहे. कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत त्या आढळत नाहीत.

स्वयंपूर्तीचे स्वरूप :

मोबाइलवर संदेश लिहिताना दोन अक्षरे उमटताच पुढचा शब्द सुचविला जातो, हा अनुभव सर्वांना आहे. तेथे यंत्र भाषेच्या सवयीवरून अंदाज बांधते. संदर्भाच्या स्वयंपूर्तीत अंदाजाला स्थान नाही. लेखकाने स्वतः तयार केलेल्या नोंदसंग्रहात जे आहे तेवढेच ती दाखविते आणि जे नाही ते दाखवीत नाही. हा भेद महत्त्वाचा असून त्याचे महत्त्व अलीकडे अधिकच वाढले आहे. संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आज्ञावल्यांना संदर्भ मागितले असता अस्तित्वात नसलेले ग्रंथ व लेख त्या कधी कधी आत्मविश्वासाने सांगतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दोन वकिलांनी अशा रीतीने मिळालेले बनावट निवाडे सादर केले व त्यांच्यावर पाच हजार डॉलरचा दंड बसला. स्वतःच्या संग्रहावर चालणारी स्वयंपूर्ती चुकीचे पान देऊ शकेल, परंतु न लिहिलेला ग्रंथ देऊ शकणार नाही.

या व्यवस्थेचे तीन भाग असतात. पहिला भाग नोंदसंग्रहाचा. ही एक साधी मजकूर-फाइल असते. तीत प्रत्येक ग्रंथाची वा लेखाची एक नोंद असते आणि नोंदीच्या आरंभी एक छोटी खूण असते. इंग्रजीत तिला सायटेशन की म्हणतात. येथे तिला संदर्भखूण म्हटले आहे. खुणेखाली लेखक, शीर्षक, प्रकाशक, स्थळ व वर्ष असे रकाने येतात. ओरेन पटाश्निक यांनी लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या सहकार्याने १९८५ मध्ये बिबटेक नावाची जी व्यवस्था तयार केली, तिच्यातूनच नोंदीचा हा घाट रूढ झाला व आजही तोच चालतो. दुसरा भाग टेक्स्ट एडिटरचा. एडिटरला जोडलेला छोटा विस्तार ही फाइल वाचतो आणि लेखकाने ठरावीक चिन्ह, बहुधा ॲट चिन्ह, उमटविताच सर्व खुणांची यादी उघडतो. पुढे दोन-तीन अक्षरे लिहिली की यादी आकसते. हवी ती नोंद निवडून एंटर दाबले की खूण लेखात बसते. तिसरा भाग रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीचा. लेख पूर्ण झाल्यावर ती प्रत्येक खुणेच्या जागी योग्य पद्धतीचा संदर्भ घालते आणि शेवटी सूची जोडते.

म्हणजे लेखनाच्या वेळी लेखात उमटते ती केवळ खूण. तळटीप द्यावयाची की कंसात लेखक व वर्ष, आडनाव आधी की नाव आधी, स्वल्पविराम की पूर्णविराम, हे सर्व निर्णय नंतरचे असतात व ते एका शैली-फाइलमध्ये साठविलेले असतात. एका नियतकालिकाने परत पाठविलेला लेख दुसऱ्याकडे पाठविताना साठ संदर्भांची पद्धत हाताने बदलण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांना या विलंबित निर्णयाची किंमत वेगळी सांगावयास नको.

उभारणी :

नोंदसंग्रहासाठी झोटेरो ही विनामूल्य आज्ञावली सोयीची आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहासाच्या अभ्यासकांनी ती २००६ मध्ये सिद्ध केली. तिला बेटर बिबटेक नावाची जोड बसवावी लागते. ही जोड तिच्या संकेतस्थळावरून फाइलच्या रूपात उतरवून घ्यावी व झोटेरोच्या टूल्स या यादीतील प्लगिन्सच्या खिडकीतून बसवावी. त्यानंतर झोटेरोत ज्या विषयाचा संग्रह केला असेल त्यावर माउसची उजवी कळ दाबून निर्यात करण्याचा पर्याय निवडावा, स्वरूप बेटर बिबटेक ठेवावे आणि कीप अपडेटेड या चौकटीत खूण करावी. ही एक खूण विसरली तर पुढचे सारे व्यर्थ होते. कारण ती केलेली असेल तरच झोटेरोतील प्रत्येक नवी नोंद व दुरुस्ती बाहेरच्या फाइलमध्ये आपोआप उतरते. फाइलला रोमन अक्षरांतील, मध्ये जागा न सोडलेले नाव द्यावे आणि ती लेखाच्याच फोल्डरमध्ये ठेवावी.

टेक्स्ट एडिटर अनेक आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड नवशिक्यास सोपा पडतो. त्याच्या विस्तारांच्या दालनात पॅन्डॉक सायटर असा शोध घेऊन तो विस्तार बसवावा. लेखाची फाइल मार्कडाउन या साध्या मजकूर-पद्धतीत ठेवावी. तिच्या अगदी वरच्या भागात तीन आडव्या रेघांच्या दोन ओळी घालून त्यांच्या मध्ये बिब्लिओग्राफी हा शब्द रोमन अक्षरांत, पुढे विसर्गासारखे दोन बिंदू आणि नोंदसंग्रहाच्या फाइलचे नाव लिहावे. एवढे झाल्यावर लेखात ॲट चिन्ह उमटविताच यादी उघडली पाहिजे. न उघडल्यास दोष बहुधा फाइलच्या नावातील एखाद्या अक्षराचा असतो. गणित व भौतिकशास्त्राचे अध्यापक लाटेक वापरीत असतील तर टेकस्टुडिओ या एडिटरमध्ये किंवा व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या लाटेक वर्कशॉप या विस्तारात हीच सोय आयती मिळते. ईमॅक्समध्ये रेफटेक व सायटार, व्हिममध्ये व्हिमटेक आहेत; ते वापरणाऱ्यांस या लेखाची गरज नाही.

रूपांतरासाठी पॅन्डॉक ही आज्ञावली बसवावी. बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ती २००६ पासून विकसित केली. संगणकशास्त्र हा ज्यांचा अध्यापनविषय नव्हे अशा एका प्राध्यापकाने आपल्या लेखनाची निकड म्हणून तयार केलेले हे साधन आहे, ही गोष्ट मानव्यविद्येच्या अध्यापकांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. आज्ञा देण्याच्या खिडकीत पॅन्डॉकचे नाव, लेखाच्या फाइलचे नाव, दोन जोडरेघांसह साइटप्रॉक हा शब्द, आणि एका जोडरेघेसह ओ हे अक्षर देऊन त्यापुढे वर्ड फाइलचे नाव, एवढी एकच ओळ लिहावी. वर्डची फाइल सूचीसह तयार होते. शैली-फाइल वेगळी दिली नाही तर शिकागो पद्धतीचा लेखक-वर्ष प्रकार वापरला जातो.

ज्यांना वर्ड सोडावयाचे नाही त्यांनी ते अवश्य वापरावे. झोटेरो वर्डमध्येही बसते व तेथे आडनावावरून नोंद शोधून घालता येते. टेक्स्ट एडिटरचा लाभ प्रामुख्याने दीर्घ लेखनात, प्रबंधात आणि जुन्या, मंद संगणकावर जाणवतो. फाइल काही किलोबाइटांची राहते, ती सहसा बिघडत नाही, आणि संपूर्ण काम इंटरनेटविना चालते. भारनियमनाच्या काळात लॅपटॉपच्या बॅटरीवर लिहिणाऱ्यास हे पुरेसे कारण आहे.

एकाच जिल्ह्यातील दोन संदर्भ :

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये प्रकल्पास तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. भौतिकशास्त्राचा अध्यापक या विषयावर लिहू लागला की, १४ सप्टेंबर २०१५ रोजी पकडलेल्या पहिल्या लहरीची घोषणा करणारा, फिजिकल रिव्ह्यू लेटर्सच्या ११६ व्या खंडातील २०१६ चा शोधनिबंध त्याला उद्धृत करावाच लागतो. या निबंधाचे लेखक एक हजाराहून अधिक आहेत. हाताने त्यांची नोंद करणे अशक्यप्राय आहे, परंतु तशी गरजही नाही. झोटेरोतील जादूच्या कांडीचे चित्र असलेल्या चौकटीत निबंधाचा डीओआय क्रमांक दिला की सर्व लेखकांसह नोंद क्षणार्धात येते आणि शैली-फाइल पहिले नाव ठेवून बाकीच्यांना संक्षेपात गुंडाळते. या निबंधास पृष्ठक्रमांकांऐवजी लेखक्रमांक आहे, हे मात्र जाणून असावे.

त्याच जिल्ह्यातील दुसरा विषय संत नामदेवांचा. हिंगोली तालुक्यातील नरसी नामदेव हे त्यांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. त्यांचा जन्म पंढरपूर येथे झाला असेही एक मत आहे आणि कऱ्हाडजवळच्या नरसीकडेही काही अभ्यासकांनी निर्देश केला आहे. अशा वादग्रस्त प्रश्नावर लिहिताना कोणते मत कोणाचे, कोणत्या ग्रंथातील व कोणत्या पृष्ठावरील हे सांगता आले नाही तर लेखाचे मूल्य शून्य होते. येथे डीओआय नाही आणि जुन्या ग्रंथांना आयएसबीएनही नाही. ती क्रमांकपद्धती १९७० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय मानक झाली. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नामदेव गाथेची नोंद मुखपृष्ठ व मुद्रणपृष्ठ समोर ठेवून हातानेच करावी लागते. ख्रिश्चन ली नोवेत्स्के यांचा नामदेवांच्या सार्वजनिक स्मृतीवरील २००८ चा इंग्रजी ग्रंथ मात्र आयएसबीएन देताच येतो. एकाच लेखाच्या सूचीतील अर्ध्या नोंदी यंत्राने आणलेल्या व निर्दोष, तर अर्ध्या हाताने केलेल्या व सदोष, हे चित्र मराठी नियतकालिकांतून वारंवार दिसते. त्याचे कारण मराठी ग्रंथांच्या यंत्रवाच्य नोंदींच्या या तुटवड्यात आहे. केवळ लेखकाच्या आळसात नाही.

अभंगाचा संदर्भ पृष्ठाने न देता अभंगक्रमांकाने देण्याची रीत आहे, आणि गाथांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत हे क्रमांक जुळत नाहीत. यास्तव प्रत्येक आवृत्तीची स्वतंत्र नोंद व स्वतंत्र खूण असणे अनिवार्य आहे. स्वयंपूर्तीच्या यादीत नामदेव असे लिहिताच दोन-तीन गाथा एकाखाली एक दिसतात, व त्या वेळी हातातील उतारा कोणत्या गाथेतून घेतला होता हा प्रश्न लेखकास स्वतःला विचारावाच लागतो. हाताने संदर्भ लिहिताना हा प्रश्न सहज टाळता येतो.

मराठी नोंदीतील अडचणी :

पहिली अडचण फाँटची. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या फाँटमधील मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला तरी संगणकाच्या लेखी तो रोमन चिन्हांचा समूह असतो. त्यात शोध चालत नाही, वर्णक्रम लागत नाही आणि स्वयंपूर्तीही अर्थहीन ठरते. अनेक नियतकालिकांनी वर्षानुवर्षे याच फाँटचा आग्रह धरल्याने प्राध्यापकांच्या संगणकावरील जुन्या संदर्भसूच्या आज निरुपयोगी झाल्या आहेत. त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतल्यावर जोडाक्षरे एकेक तपासावी लागतात.

युनिकोडमध्येही एक सूक्ष्म अडचण उरते. कऱ्हाड या गावाच्या नावातील किंवा कऱ्हाडे या आडनावातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ व हलन्त येतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह येते. छापील रूप एकच दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने हे दोन भिन्न शब्द होत. परिणामी नोंद एका प्रकारे आणि शोध दुसऱ्या प्रकारे लिहिला गेला तर कऱ्हाडे संग्रहात असूनही यादीत दिसत नाहीत. ॲरिस्टॉटलच्या आरंभीच्या अक्षराचीही हीच गत आहे. ते एकाच सांकेतिक चिन्हाने किंवा अ आणि अर्धचंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिले जाते. संग्रहात एकच प्रकार कटाक्षाने पाळणे हाच यावर उपाय.

खूण देवनागरीत ठेवावी की रोमनमध्ये, याविषयी भाषाभिमान बाजूला ठेवणे हिताचे आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह दोनचा अंक दाबला असता ॲट चिन्ह न उमटता अर्धचंद्र उमटतो. म्हणजे यादी उघडण्यासाठी कळफलक इंग्रजीवर न्यावाच लागतो. तो तसा नेलाच आहे, तर त्याच दमात खूणही रोमन अक्षरांत लिहून मराठीवर परतावे. अन्यथा एका संदर्भासाठी दोनऐवजी चार वेळा कळफलक बदलावा लागतो. शिवाय कित्येक विस्तार यादी गाळताना केवळ खुणेकडे पाहतात, शीर्षकाकडे पाहत नाहीत. म्हणून आडनाव, वर्ष व शीर्षकातील एक शब्द अशी सहज आठवणारी खूण हाताने ठरवून द्यावी. नोंदीतील इतर सर्व मजकूर अर्थातच देवनागरीत राहतो.

लेखकाच्या नावाचा रकाना सर्वांत फसवा आहे. बिबटेक पद्धतीत शेवटचा शब्द आडनाव समजला जातो. रा. चिं. ढेरे या नावाबाबत ते बरोबर ठरते. परंतु महाराष्ट्र शासन असे साधे लिहिले असता सूचीत शासन, महाराष्ट्र अशी एक व्यक्ती जन्माला येते, आणि नामदेव महाराज यांचे महाराज, नामदेव होऊन ते म या अक्षराखाली जातात. संस्थेचे वा संताचे नाव झोटेरोत एकाच रकान्यात लिहिण्याची सोय आहे, ती वापरावी. बिबटेक फाइल हाताने लिहीत असल्यास नाव दुहेरी महिरपी कंसात घालावे. दोन लेखक असतील तर फाइलमध्ये त्यांच्यामध्ये इंग्रजी अँड हाच शब्द रोमन अक्षरांत हवा. तेथे आणि लिहिल्यास दोघे लेखक मिळून एकच लांब नावाचे गृहस्थ होतात.

वर्षाच्या रकान्यात अंक रोमन लिपीतील लेखनात येतात तेच, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंक वापरावेत. देवनागरी अंकांतील वर्ष अनेक आज्ञावल्या ओळखत नाहीत व नोंद वर्षहीन समजतात. छापील लेखात देवनागरी अंक हवे असल्यास ते वर्डमध्ये आल्यावर बदलून घ्यावेत. शकवर्ष छापलेले असेल तर इसवी सन वर्षाच्या रकान्यात व शकवर्ष टीपेत ठेवावे. प्रकाशनस्थळ मात्र मुद्रणपृष्ठावर जसे आहे तसेच लिहावे. १९९० च्या ग्रंथावर औरंगाबाद असेल तर नोंदीतही औरंगाबादच हवे. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, ग्रंथ बदलला नाही. परभणी जिल्ह्याच्या गॅझेटियरलाही याच न्यायाने हिंगोलीचे नाव देता येणार नाही.

सूचीचा वर्णक्रम हा शेवटचा प्रश्न. नुसत्या युनिकोड क्रमाने नावे लावली असता क्षीरसागर क मध्ये आणि ज्ञानेश्वर ज मध्ये जातात, तसेच ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे येते. मराठी वर्णमालेच्या रूढ क्रमाशी हे जुळत नाही. तयार सूची एकदा नजरेखालून घालून ही मोजकी नावे हलविणे श्रेयस्कर. इंग्रजी शैली-फाइलमुळे मराठी सूचीत एट अल. किंवा ईडीएस. असे संक्षेप उमटतात. शैली-फाइल ही मजकूर-फाइलच असल्याने तीतील या संज्ञा बदलून व इतर, संपा., पृ. असे मराठी संक्षेप घालता येतात. हे काम एकदाच करावयाचे असते व एकाने केले तरी सर्व विभागास पुरते.

खूण तुटणे आणि चूक पसरणे :

नोंद दुरुस्त करताना वर्ष वा आडनाव बदलले तर आपोआप तयार झालेली खूणही बदलू शकते. अशा वेळी लेखातील जुनी खूण अनाथ होते. पॅन्डॉक तिच्या जागी खूण व प्रश्नचिन्ह ठळक अक्षरांत छापते, लाटेक नुसते प्रश्नचिन्ह छापते. हा दोष दिसतो, म्हणून तो निरुपद्रवी आहे. हाताने ठरवून स्थिर केलेल्या खुणेला ही बाधा होत नाही. एकच ग्रंथ दोनदा नोंदला गेला तर लेखक-वर्ष पद्धतीत १९७० अ आणि १९७० ब असे दोन ग्रंथ उपटतात. हाही दोष डोळ्यांना दिसतो.

न दिसणारा दोष वेगळा आहे. हाताने लिहिलेल्या दहा संदर्भांत एक वर्ष एकदा चुकते. स्वयंपूर्तीत नोंदीतील चूक दहाही ठिकाणी सारखीच उमटते, आणि सर्वत्र सारखी असल्याने ती बरोबर वाटते. पुढे तो लेख उद्धृत करणारा दुसरा संशोधक मूळ ग्रंथ न पाहता ती चूक आपल्या संग्रहात घेतो. म्हणून या साधनाने श्रम कमी होतात असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. श्रमाची वेळ बदलते. लेख लिहिण्याच्या रात्री करावयाची धावपळ ग्रंथ वाचण्याच्या दुपारी करावी लागते, आणि त्या वेळी ग्रंथ समोर असतो. ग्रंथालयाच्या टेबलावर ग्रंथ उघडताच, उतारा लिहिण्यापूर्वी नोंद करावी. उताऱ्याखाली खूण व पृष्ठक्रमांक लिहावा आणि मगच पान उलटावे. लॅपटॉप सोबत नसेल तर वहीतही हाच क्रम पाळता येतो, कारण खूण म्हणजे अखेर दोन शब्द व एक वर्ष. पृष्ठक्रमांक ही एकच गोष्ट अशी आहे की जी कोणतीही स्वयंपूर्ती पुरवू शकत नाही. ती लेखात खुणेपुढे स्वल्पविराम देऊन दर वेळी स्वतःच लिहावी लागते.

विभागाचा सामाईक संग्रह :

ग्रामीण महाविद्यालयात एका विषयाचे दोन किंवा तीनच अध्यापक असतात, आणि ते बहुधा तेच मोजके ग्रंथ वापरतात. अशा विभागाने झोटेरोत एक समूह-संग्रह उघडल्यास एकाने केलेली नोंद इतरांना मिळते. मात्र खुणा कोणी ठरवावयाच्या हे आधी निश्चित करावे. दोघांनी एकाच गाथेला दोन खुणा दिल्या तर सामाईकपणाचा उपयोग राहत नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास या संग्रहात पहिल्या दिवसापासून नोंदी करावयास लावल्यास प्रबंधाच्या अखेरीस सूची वेगळी करावी लागत नाही, आणि मार्गदर्शकालाही विद्यार्थ्याने काय वाचले हे आपोआप दिसत राहते. मुद्रणपृष्ठाची व उताऱ्याच्या पानाची मोबाइलवर काढलेली छायाचित्रे नोंदीस जोडून ठेवणे उपयुक्त असते, परंतु ती समूहात न ठेवता प्रत्येकाने आपल्या संगणकावर ठेवलेली बरी. झोटेरोची विनामूल्य साठवण तीनशे मेगाबाइटांची आहे. नोंदी तीत मोजल्या जात नाहीत, छायाचित्रे मोजली जातात.